फवारणी कधीच थांबवली, तरी काकडी-भोपळ्याच्या अहवालात दरवर्षी तेच जुनं औषध का येतं?

ज्या औषधाचा डबा गेल्या कित्येक वर्षांत रानात आलेलाच नाही, त्याचं नाव भाजीच्या तपासणी अहवालात छापून येतं. डायल्ड्रिन, डीडीई, हेप्टाक्लोर इपॉक्साइड, बीटा-एचसीएच, अशा जुन्या कीटकनाशकांच्या अवशेषांपैकी काहीतरी. मग माणूस पाणी बदलतो, खत बदलतो, पुढच्या खेपेला भाजी दोनदा धुऊन प्रयोगशाळेत देतो. आकडा जागचा हलत नाही. मध्ये एखाद्या हंगामात त्याच वाफ्यात टोमॅटो घेतला की अहवाल स्वच्छ येतो आणि सुटलो असं वाटतं. पुन्हा काकडी किंवा भोपळा लावला की पुन्हा तेच.

यात प्रयोगशाळेचं चुकलेलं नसतं, आणि शेजारच्या फवारणीचाही बहुतेक वेळा संबंध नसतो. माल मातीतच पडून आहे. डीडीटी मातीत निम्म्यावर यायला काही वर्षांपासून दशकाहून जास्त काळ लागतो, आणि त्यातून तयार होणारं डीडीई त्याहून चिवट असतं. शिवाय यासाठी फार मोठा साठा लागत नाही. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण २००० टन माती असते. मातीच्या अहवालात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम लिहिलेलं असेल, तर अख्ख्या हेक्टरात मिळून जेमतेम २०० ग्रॅम रसायन आहे. एवढंसं ते, पण कणाकणाला चिकटलेलं. खरवडून काढता येत नाही, पाण्यानं धुऊनही जात नाही.

माझं सांगणं एकच आहे. माती सुधारायला घेण्याआधी अवशेष भाजीत कोणत्या वाटेनं शिरतोय ते शोधा. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे, आणि एका वाटेचा उपाय दुसरीवर केला तर हंगाम आणि तपासणीचा खर्च दोन्ही वाया जातात. लोक वर्षानुवर्षं याच फेऱ्यात अडकलेले असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी अहवालातलं नाव नीट वाचा

अवशेष जुना की नवा, हे बऱ्याचदा नावावरूनच कळतं. ऑल्ड्रिनचं मातीत डायल्ड्रिन होतं, हेप्टाक्लोरचं हेप्टाक्लोर इपॉक्साइड होतं, डीडीटीचं डीडीई आणि डीडीडी होतं, एंडोसल्फानचं एंडोसल्फान सल्फेट होतं. अहवालात फक्त हे बदललेले पदार्थ असतील आणि मूळ औषध जवळजवळ नसेल, तर माल जुना. मूळ औषधाचा वाटा मोठा असेल, तर नवीन स्रोत कुठेतरी चालू आहे: जुना साठा कुणी वापरतंय, किंवा बाहेरून आलेल्या मातीतून वा खतातून येतंय.

एचसीएचचं (जुन्या बीएचसी भुकटीचं) थोडं वेगळं आहे. पूर्वी वापरात असलेल्या कच्च्या मिश्रणात अल्फा प्रकार सर्वांत जास्त असायचा आणि बीटा थोडा. पण बीटा सर्वांत चिवट. त्यामुळे काळ लोटला की अल्फा कमी होत जातो आणि बीटा उरतो. फक्त गॅमा दिसत असेल तर ते लिंडेन. डीडीटीच्या बाबतीत आणखी एक खूण आहे: ऑर्थो-पॅरा डीडीटी (अहवालात o,p'-DDT) या उपप्रकाराचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त असेल, तर डायकोफॉलचा संशय घ्यावा. हे कोळीनाशक डीडीटीपासूनच बनवलं जायचं आणि त्यात डीडीटीची भेसळ राहायची. चिवट विषारी रसायनांवर जगभर बंदी किंवा निर्बंध घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या यादीत पहिल्या बारांत डीडीटी, ऑल्ड्रिन, डायल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर होती. लिंडेन २००९ मध्ये, एंडोसल्फान २०११ मध्ये आणि डायकोफॉल २०१९ मध्ये त्यात आलं. म्हणजे तुमच्या जमिनीचा जुना वापर आठवताना फक्त आजोबांच्या काळापर्यंत जाऊन भागत नाही, अलीकडची वर्षंही धुंडाळावी लागतात.

अवशेष नवा ठरला तर इथेच थांबा आणि स्रोत बंद करा. पुढचं सगळं जुन्या अवशेषासाठी आहे.

मग वाट शोधा

वाटा चार आहेत. मुळातून रसाबरोबर वर जाणं. जमिनीखालच्या भाजीच्या सालीला थेट चिकटणं. पानांवर, फळांवर माती उडून बसणं. आणि वाफेच्या रूपानं हवेतून पानावरच्या मेणचट थरात मुरणं.

सर्वांत जास्त दुर्लक्षित वाट चिखलाची. साधा हिशोब करा. मातीत किलोमागे २ मिलिग्रॅम अवशेष आहे आणि एक किलो पालेभाजीला १० ग्रॅम माती चिकटलेली आहे. एवढ्यानंच भाजीत किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम आलं, झाडानं मुळातून कणभरही न घेता. १० ग्रॅम माती म्हणजे दोन चमचेसुद्धा नाही. पालकाची जुडी हातात घेऊन बुडाशी पाहा. देठ जिथे एकमेकांना बिलगतात, त्या बेचक्यात चिकणमातीचा पातळ, राखाडी थर बसलेला असतो. जुडी तशीच नळाखाली धरली तर पाणी वरून वाहून जातं आणि थर जागेवर राहतो. पान न् पान सुटं करून देठाच्या आतल्या खोबणीतून अंगठा फिरवला तरच तो निघतो. आणि मातीतला हाच बारीक कण आकाराच्या मानानं जास्त अवशेष धरून असतो, कारण त्याचा पृष्ठभाग मोठा असतो.

म्हणून पहिली चाचणी अशी: एकाच तोडणीचा माल दोन भागांत विभागा. एक भाग नुसता झटकून द्या, दुसरा वर सांगितलं तसा सुटा करून धुऊन द्या. दोन अहवालांत मोठा फरक पडला, तर वाट चिखलाची. प्रयोगशाळा धातूही मोजत असेल तर टायटॅनियम मोजायला सांगा. झाडं ते जवळपास घेतच नाहीत, त्यामुळे धुतलेल्या भाजीत टायटॅनियम दिसलं तर माती अजून चिकटलेली आहे असं समजा.

गाजर, मुळा, बीट, बटाटा यांत साल आणि गाभा वेगळे तपासा. क्लोरीनवाली जुनी कीटकनाशकं तेलकट स्वभावाची असतात. ती गाजराच्या सालीत मुरतात आणि बहुतेक तिथेच राहतात. सालीचा आकडा गाभ्याच्या कितीतरी पट निघाला तर आश्चर्य नाही. जाड सोलणं हा तिथे खरा उपाय आहे, नुसतं खरवडणं पुरत नाही.

हवेची वाट तपासायला स्वच्छ, तपासलेल्या मातीच्या काही कुंड्या भरा, त्यात तेच बियाणं लावा आणि संशयित वाफ्याच्या शेजारी, जमिनीपासून उंच ठेवा. पावसाचा शिंतोडा उडू नये म्हणून खाली काहीतरी अंथरा. कुंडीतल्या पानांतही अवशेष आला, तर तो हवेतून येतोय. पीसीबीसारख्या (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातलं क्लोरीनवालं रसायन) पदार्थांत ही वाट महत्त्वाची असते. आणि कुंडी स्वच्छ, फळ मांडवावर लटकणारं, धुतलेलं, सोललेलं, तरी गरात अवशेष असेल, तर वाट मुळाची. वेलवर्गीय भाज्यांत शेवटी बहुतेक हेच निघतं.

काकडी-भोपळ्याच्याच मुळाला हे कसं जमतं?

मुळातून रसात शिरून वर चढायला पदार्थ थोडा पाण्यात विरघळणारा आणि थोडा तेलात विरघळणारा हवा. फार पाणीमय असेल तर मुळाच्या पेशींची स्निग्ध भिंत ओलांडत नाही, फार तेलकट असेल तर त्या भिंतीतच अडकून बसतो. ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सातूच्या रोपांवर हे मोजून दाखवलं. पाण्याच्या मानानं तेलाची ओढ साठेक पट असलेले पदार्थ सर्वांत सहज वर चढतात, त्यापुढे चढ कमी होत जातो. डायल्ड्रिनची ही ओढ लाखांत आहे, डीडीईची त्याहून जास्त. म्हणजे नियमाप्रमाणे ती मुळाच्या सालीतच राहायला हवीत. टोमॅटो, मका, शेंगभाज्या बऱ्याच अंशी हा नियम पाळतात.

झुकिनी (भोपळ्याच्या कुळातली काकडीसारखी दिसणारी विलायती भाजी) आणि काही भोपळे पाळत नाहीत. १९९४ मध्ये जर्मनीत डायॉक्सिन या तशाच तेलकट, क्लोरीनवाल्या विषावर केलेल्या प्रयोगांत झुकिनी आणि भोपळ्याच्या फळांत ते मुळातून चढलेलं सापडलं. त्याच मातीतल्या काकडीत मात्र खूपच कमी होतं. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्रात जेसन व्हाईट आणि सहकाऱ्यांनी डीडीईवर बरीच वर्षं काम केलं आणि एकाच प्रजातीच्या दोन उपप्रजातींतही मोठा फरक दाखवला. झुकिनी ज्या उपप्रजातीत येते ती भरपूर घेते, तिची जवळची बहीण असलेली दुसरी उपप्रजाती फार कमी घेते. दोघींची पानं, वेल, फुलं पाहून हे ओळखता येत नाही.

कारणं दोन सापडली आहेत. पहिलं, या झाडांची मुळं सायट्रिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं सोडतात. मातीतले धातूचे आयन सेंद्रिय पदार्थाला बांधून ठेवतात, ही आम्लं ती बांधणी सैल करतात आणि आत दडलेला अवशेष मोकळा होतो. वर्षानुवर्षं मातीत मुरलेला अवशेष गांडुळांना आणि बहुतेक झाडांना कमी मिळतो, पण झुकिनीला मिळतो तो यामुळे. दुसरं कारण जपानी संशोधकांनी दाखवलं: झुकिनीच्या रसात एक प्रथिनगट असतो, तो तेलकट रेणूला धरून पाण्यासारख्या रसातून वर नेतो. ज्या जातींत ही प्रथिनं रसात उतरतात त्या जास्त अवशेष उचलतात.

मातीच्या अहवालावरून भाजीचा आकडा सांगता येत नाही तो याचमुळे. प्रयोगशाळा कडक द्रावक वापरून मातीतलं सगळं ओढून काढते. झाडाच्या वाट्याला त्यातला सुटा भागच येतो, आणि तो किती सुटा होईल हे माती आणि मूळ मिळून ठरवतात. दोन शेतांत किलोमागे सारखाच आकडा असून एकात भाजी पास आणि दुसऱ्यात नापास होते. वाळूसर, सेंद्रिय पदार्थ कमी असलेली माती अवशेष सैल धरते, काळी भारी माती घट्ट. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक आणि ग्वाडेलूप बेटांवर केळीच्या सोंडकिड्यासाठी १९७२ ते १९९३ या काळात क्लोर्डेकोन हे क्लोरीनवालं कीटकनाशक वापरलं गेलं, आणि तिथेही हेच दिसलं. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली माती अवशेष जास्त साठवते पण झाडाला कमी देते. आणि त्याच जमिनीत कंदमुळांत अवशेष चढतो, काकडीवर्गीय भाज्या आणि लेट्यूस मध्ये कुठेतरी असतात, तर टोमॅटो, वांगी, घेवडा यांच्या फळांत फारसं काही पोचत नाही.

मुळाची वाट असेल तर काय करायचं

पीक हलवा. हा उपाय मी सर्वांत वर ठेवतो, कारण बाकी कोणत्याही उपायाला लागणारी वाट इथे पाहावी लागत नाही. संशयित वाफा टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा, मका, कोबी यांना द्या आणि वेलभाज्या, कंदमुळं तपासलेल्या स्वच्छ वाफ्यात न्या. दूषित जागा बहुतेक सलग नसते. जुनी औषधं कालवायची जागा, डबे ठेवायची खोली, वाळवीसाठी औषध ओतलेला घराचा पाया, जनावरं औषधात बुडवायचा हौद, यांच्या आसपास आकडे एकदम चढतात. सगळ्या रानाची माती एकत्र कालवून एकच नमुना दिला तर ही जागा सरासरीत दडते. अशा जागांचे नमुने वेगळे काढा. या जुन्या कीटकनाशकांसाठी काचेची बरणी वापरा, प्लास्टिकची पिशवी नको.

काकडीच घ्यायची असेल तर रोप कलमी आहे का ते विचारा. हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडतं. मातीतल्या रोगांपासून बचाव म्हणून काकडी भोपळ्याच्या खुंटावर बांधतात. दलपत्रांच्या (बी उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या) जवळ खोडावर तिरपी, जाडसर गाठ दिसते; तिच्यावर काकडी, खाली भोपळा. म्हणजे तुम्ही काकडी लावली असं समजता, पण माती शोषणारं मूळ भोपळ्याचं असतं. जपानमध्ये डायल्ड्रिन आणि हेप्टाक्लोर बंद होऊन दशकं उलटल्यावरही काकडीत सापडत राहिलं. तिथे खुंट बदलून पाहिले तेव्हा स्पष्ट झालं की फळातलं प्रमाण मुख्यतः खुंट ठरवतो, वरची जात नाही. कमी उचलणारा खुंट निवडला की त्याच मातीत आकडा उतरतो. रोपवाटिकेकडून खुंटाची जात लेखी घ्या आणि अहवालाला जोडून ठेवा. दोन हंगामांचे आकडे वेगळे का आले, याचं उत्तर नंतर त्यात मिळतं.

तिसरा उपाय कोळशाचा. सक्रिय कोळसा तेलकट रेणू घट्ट धरतो आणि मुळाला कमी सुटा ठेवतो. बायोचारही (काडीकचरा, लाकूड यांचा जमिनीसाठी बनवलेला कोळसा) हे काम करतं, पण ते जास्त तापमानाला, हवा कोंडून बनवलेलं असावं. चुलीची राख हे काम करत नाही. कोळसा बारीक असावा आणि मुळं जातील तेवढ्या खोलीपर्यंत मातीत एकजीव व्हावा. वर पसरून काही होत नाही. परिणामाला वेळ लागतो, म्हणून लावणीच्या बराच आधी मिसळा. हा कोळसा मातीत दिलेली तणनाशकं आणि कीटकनाशकंही धरतो, त्यामुळे ती नेहमीसारखी चालत नाहीत. सगळ्या रानात टाकायच्या आधी एका वाफ्यात कोळसा, शेजारच्यात नाही, जात आणि खुंट तोच, आणि दोन्हींतली फळं तपासा. माती तपासून इथे काही कळणार नाही, कारण मातीतला एकूण आकडा तोच राहतो.

चांगलं कुजलेलं कंपोस्टही मदत करतं. अर्धवट कुजलेलं टाळावं. त्यातून विरघळणारा सेंद्रिय अंश बाहेर पडतो आणि तोच अवशेषाला बरोबर घेऊन मुळापर्यंत पोचवू शकतो.

चिखलाच्या वाटेला यातलं काहीच लागत नाही. आच्छादन, ठिबक, फळं मांडवावर, पालेभाज्या जमिनीपासून थोड्या उंच कापणं आणि पानं सुटी करून धुणं, एवढ्यानं काम होतं.

ज्यावर लोक हंगाम घालवतात

भरपूर पाणी देऊन अवशेष खाली धुऊन जाईल, ही आशा सोडा. जो पदार्थ पाण्यात विरघळतच नाही तो पाण्याबरोबर जात नाही. खोल नांगरटीनं वरचा आकडा पातळ होतो, पण खालचा थर दूषित होतो आणि ते पुन्हा मागे घेता येत नाही.

झुकिनी लावूनच जमीन स्वच्छ करू, हा विचार ऐकायला छान वाटतो. हिशोब करा. हेक्टरी २० टन फळ आलं आणि त्यात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम अवशेष असेल, तर एका पिकानं एक ग्रॅम बाहेर काढला. मातीत आहेत २०० ग्रॅम. वेल आणि पानं धरून हा आकडा काही पट वाढला तरी काम दशकांचं आहे, आणि तो सगळा दूषित पाला टाकायचा कुठे हा प्रश्न वर राहतो. कंपोस्टात टाकला तर अवशेष फिरून त्याच मातीत.

अहवालात धातू किंवा पीफास (PFAS, फ्लोरीनवाली चिवट रसायनं) असेल तर

वरचे उपाय जसेच्या तसे उचलू नका. शिसं मुळाच्या वर फारसं जात नाही, तिथे चिखल आणि साल हाच मुख्य मुद्दा. कॅडमियम पालेभाज्यांत सहज चढतं. आम्लधर्मी मातीत चुना घालून सामू (पीएच) वाढवला की ते कमी होतं, आणि खारं पाणी दिलं की क्लोराइडमुळे वाढतं. आर्सेनिक असेल तर स्फुरदाचा (फॉस्फेट खताचा) जास्त डोस घातक, कारण फॉस्फेट त्याची मातीतली जागा घेऊन त्याला मोकळं करतं.

पीफास बहुतेक सांडपाण्याच्या गाळातून किंवा सिंचनाच्या पाण्यातून येतात. त्यांचा स्वभाव उलटा आहे: लहान साखळीचे रेणू पाण्याबरोबर थेट पानांत चढतात, लांब साखळीचे मुळाकडे थांबतात. त्यामुळे इथे सर्वांत धोक्याची भाजी पालेभाजी, आणि कोळसा लांब साखळीवर चालतो पण लहान साखळीवर फार थोडा. पाणी आधी तपासा. पाण्यातूनच येत असेल तर मातीत काहीही घालून उपयोग नाही. नमुन्याला इथे काच नको, टेफ्लॉनचं झाकण तर मुळीच नको; पॉलिप्रोपिलीनची किंवा घट्ट पॉलिथिनची बाटली वापरा.

पुन्हा तपासणी कधी, कशाची

मातीची तपासणी दरवर्षी करत बसू नका. या रसायनांत वर्षभरात दिसण्याजोगा फरक पडत नाही आणि नमुन्यातली चढउतारच फरकासारखी दिसते. भाजीची करा, आणि दर वेळी तोच वाफा, तीच जात, तोच खुंट, तोडणीची तीच अवस्था, धुण्याची तीच रीत ठेवून करा. यांतली एक गोष्ट बदलली तर आकडा कशामुळे हलला ते सांगता येत नाही. जुन्या डब्यांच्या खोलीभोवतीची, हौदाजवळची जागा मात्र आकडे कितीही उतरले तरी भाजीला देऊ नका. तिथे फुलझाडं लावा किंवा गवत राहू द्या, कोंबड्या चरायला सोडू नका, कारण त्या माती खातात आणि अवशेष अंड्यात उतरतो.